बिरोबाच्या बारवेतली मासोळी

गुंडा भोई बोलायला लागला की नदीच्या पलीकडच्या काठावरचा माणूस वळून पाहत असे. कराडच्या संगमाखाली कृष्णाकाठी भोयांची वस्ती आहे, तिथे त्याचे घर. आवाज मोठा, छाती रुंद आणि पाय नजरेत भरावेत असे. पायांचे मूळ घराण्यात होते. त्याचे वडील आणि चुलते तरुणपणी वाईहून पाचगणीच्या घाटात साहेब लोकांचे मेणे वाहत. मेण्यात बसलेल्या मडमेच्या हातातला चहा घाट चढताना बशीत सांडत नसे, असे गुंडा सांगे. मोटारी आल्या, मेण्यांचे काम संपले आणि वडील जाळे घेऊन नदीवर परतले. पण भोयाची चाल त्यांनी मुलाला शिकवलीच. गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, पाऊल चवड्यावर टेकवायचे, खांदा वरखाली होऊ द्यायचा नाही. नदीवर या चालीचा काही उपयोग नव्हता. तो उपयोग १९४४ साली झाला.

त्या वर्षी डॉ. आगाशे आरोग्य खात्यातर्फे खानापूर तालुक्याच्या पूर्व भागात नारूचा तपास करत होते. नारू म्हणजे माणसाच्या कातडीखाली वाढणारा दोऱ्यासारखा लांब किडा. तो बहुधा पायातून बाहेर येतो. आधी फोड उठतो, आग होते, मग फोड फुटून किड्याचे टोक दिसते. ते काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढायचे. तुटले तर पाय सुजतो, पिकतो आणि माणूस महिनेन् महिने उठत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या नांगरटीच्या आणि पेरणीच्या तोंडावर, सरगरवाडीतल्या घराघरांत कोणी ना कोणी असे आडवे पडलेले असे.

सरगरवाडी ही धनगरांची वाडी. प्यायला पाणी एकच, बिरोबाच्या देवळापुढची बारव. तिला पायऱ्या आहेत आणि नारूचे कारण या पायऱ्याच होत्या. माणसे खाली उतरून, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून घागर भरत. नारू झालेल्याचा पाय आगीने तडफडत असे, त्याला त्या गार पाण्यात बरे वाटे. पाय बुडाला की किडा आपली पिले पाण्यात सोडी. त्या पिलांना पाण्यातल्या पिसवा, म्हणजे ठिपक्याएवढे बारीक जीव, गिळत. पिसवा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जात. पुढच्या वर्षी त्या माणसाच्या पायातून नवा नारू निघे.

उपाय डॉक्टरांना ठाऊक होता. पायऱ्या बांधून बंद करायच्या आणि वर रहाट बसवायचा. पण लढाई चालू होती. सिमेंट सरकारने ताब्यात घेतले होते आणि रहाटाचे लोखंडही मिळत नव्हते. हे काम शेवटी १९४८ साली झाले. तोवर एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. पिसवा खाणारी बारीक मासोळी बारवेत सोडायची. डॉक्टरांनी कराडहून बैलगाडीतून मासे मागवले. विट्याला पोचेपर्यंत ते सगळे पोट वर करून तरंगत होते.

ही हकीकत कराडच्या बाजारात गुंडाच्या कानावर गेली. तो त्याच दिवशी डॉक्टरांचा मुक्काम होता तिथे जाऊन उभा राहिला.

"मासं मेलं म्हनं तुमचं."

"मेले. उन्हाने," डॉक्टर म्हणाले.

"उन्हानं न्हाई. हिसक्यानं. गाडीत घालून माणूस नेला तरी अर्धा मरतोय, मासं कुटलं ऱ्हातंय?"

"मग तू कसे नेशील?"

"खांद्यावर. मेण्यात बसवून," गुंडा म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्याला कामावर घेतले.

गुंडाने बोटभर लांबीची मासोळी काठच्या उथळ पाण्यातून झोळीने धरली आणि दोन रुंद तोंडाच्या मातीच्या डेऱ्यांत सोडली. डेऱ्यांना ओली पोती गुंडाळली. विट्यापर्यंत मोटार होती. पेट्रोल मिळत नसल्याने ती कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलावी लागे. डेरे पाहून ड्रायव्हरने हात आडवा केला.

"मासळी न्हाई चालायची. वास मारतोय."

"मेल्यावर मारतोय. ही जित्ती हाय. तुझ्या गाडीपरास हिचा वास बरा."

डेरे गुंडाने छताच्या दांड्याला शिंक्यांत टांगले. मोटार हिसके देई तशी शिंकी झुलत, पण पाणी आत राही. विट्यापासून पुढे मोटार नव्हती. तिथून त्याने कावड खांद्यावर घेतली आणि वडिलांनी शिकवलेल्या चालीने उन्हातून सरगरवाडी गाठली. वाटेत डेऱ्यांतून पाणी सांडले नाही. बारवेवर पोचल्यावर मात्र त्याने घाई केली नाही. डेरे सावलीत पायरीवर ठेवून तो बारवेचे पाणी ओंजळीने थोडे थोडे त्यांत घालत राहिला. मासोळीला पाण्याची ओळख पटली, तेव्हा त्याने डेरे आडवे केले. एकही मेलेली नव्हती.

वाडी भोवती जमली होती. त्यात बिरोबाच्या पुजाऱ्याची म्हातारी आई तानुबाई होती. वाडीतले नारू काढायचे तर तिच्याच हातून. काडीवर किडा न तुटता गुंडाळावा तो तिनेच. तिचा मुलगा कृष्णात देवळाची पूजा करी आणि मेंढरे राखी. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर जुन्या नारूंचे वण होते.

"ही मोठी झाली की खायाची का?" कृष्णातने विचारले.

गुंडाला धोका कळला. मासोळी धरून खाल्ली तर सगळा खटाटोप फुकट. तो देवळाकडे वळला, कळसाला हात जोडले आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे म्हणाला, "ही बिरोबाची मासोळी. आजपासनं देवाची झाली. हात लावंल त्याचं त्यो बघून घिईल."

डॉक्टरांना ही युक्ती आवडली. कागदावरच्या हुकमापेक्षा ती चांगली आहे, असे ते म्हणाले. गुंडाची छाती आणखी रुंद झाली.

मासे सोडून महिना लोटला. डॉक्टर दर आठवड्याला बाटलीत पाणी भरून सूक्ष्मदर्शकाखाली पिसवा पाहत. पिसवा होत्या तेवढ्याच होत्या. मासोळी जिवंत होती, तरीही. डॉक्टरांनी मासोळीची जात चुकली का, पाणी फार खोल आहे का, असे सगळे तपासून पाहिले. शेवटी त्यांनी गुंडाला बोलावून घेतले.

गुंडा बारवेची पहिली पायरी उतरला आणि थांबला. पायाचा आवाज होताच मासोळी झुंडीने पायरीकडे आली आणि तोंडे वर करून उभी राहिली.

"नदीत पाय टाकला की मासं पळतंय," तो म्हणाला. "हे जवळ आलं. ह्यास्नी कोन तरी जेवाय घालतंय, साहेब."

डॉक्टरांनी एक मासा चिरून पोट पाहिले. आत जोंधळ्याच्या लाह्या आणि पीठ होते. पिसू एकही नव्हती.

झाले होते ते सरळ होते. देवाची मासोळी म्हटल्यावर तिला उपाशी कसे ठेवायचे? रोज सकाळी बायका पाण्याला येताना मूठभर लाह्या आणत, रविवारी पिठाच्या गोळ्या. ज्याला नारू झाला होता तो तर नवस म्हणून पायरीवर उभा राहून, पाय पाण्यात ठेवून, मासोळीला भरवी. गुंडाने देवाचे नाव घेऊन मासोळी वाचवली होती आणि त्याच नावाने तिची भूक मारली होती.

"चूक माझी हाय," गुंडा म्हणाला, पण तेही मोठ्या आवाजात. "मीच निस्तरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी काचेच्या दोन बरण्यांत बारवेचे पाणी भरले. त्या नुसत्या पायरीवर ठेवून काही दिसेना. तेव्हा कृष्णातने खांद्यावरचे काळे घोंगडे काढून मागे धरले. काळ्या लोकरीपुढे, उन्हात, पाण्यात पांढरे कण टुणटुण उड्या मारताना दिसले. बायकांत कुजबुज झाली.

"आमी हे पितो?" तानुबाईने विचारले.

"रोज," डॉक्टर म्हणाले. "यातूनच नारू होतो. आज पोटात गेला तर वर्षाने पायातून निघतो."

"वरसानं? मग ह्याच पाण्यानं झाला ह्ये कशावरनं? वरसात मानूस धा गावचं पाणी पितंय."

प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. डॉक्टरांनी एका बरणीत लाह्या खाऊन आलेला मासा सोडला. दुसरीत आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेला. पहिला तळाशी जाऊन स्वस्थ राहिला. दुसऱ्याने बरणीभर गिरक्या घेतल्या आणि ऊन देवळाच्या उंबऱ्यावर येईपर्यंत ते पाणी स्वच्छ झाले.

"म्हंजे देवाची मासोळी उपाशी मारायची," तानुबाई म्हणाली.

"उपाशी कुटं, आवं? राखनीला ठेवलीया," गुंडा म्हणाला. "तुमी रातच्याला कुत्र्याला पोटभर घालता का?"

"न्हाई. झोपतंय मग. लांडगा मेंढरू उचलून नेतोय."

"मग ही बी झोपलीया. पोट भरलंय तिचं."

धनगरांना हे पटले. काहीजण हसले. तानुबाई हसली नाही. ती गुंडाच्या कमरेच्या तांब्याकडे पाहत होती. तांब्याच्या तोंडाला दुपदरी फडके बांधलेले होते. पाणी गाळून पिण्याची डॉक्टरांची ताकीदच होती. वाडीला त्यांनी तेच सांगितले होते आणि वाडीने ते घरी पाळले, रानात सोडून दिले.

"तू गाळून पितूस," ती म्हणाली, "आन् आमास्नी सांगतूस मासोळी राखन करती. तुझा तुलाच भरवसा न्हाई, गड्या."

गुंडाचा हात फडक्याकडे गेला.

"फडकं सोड," म्हातारी म्हणाली. "पाऊस पडंस्तवर हितलं पाणी न गाळता पी. तू पितूस तवर आमी लाह्या टाकनार न्हाई. ज्या दिशी फडकं दिसंल त्या दिशी टाकू."

"हे बिलकूल चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आज बारवेत पिसवा भरलेल्या आहेत. मासे उद्यापासून खायला लागले तरी त्या कमी व्हायला वेळ लागेल. गुंडा, तुझा पाय गेला तर नदीत उभा कसा राहशील?"

"न्हाई राहायचो," गुंडा म्हणाला.

"आणि तुला नारू झाला नाही, तरी त्याने काही सिद्ध होत नाही. एका माणसाच्या पायाला शास्त्रात किंमत नाही."

"तुमच्या शास्त्रात नसंल, साहेब. तानुआईच्या हाय."

त्याने फडके सोडले, कमरेला खोचले आणि पायरी उतरून तांब्या बुडवला. एवढी खबरदारी मात्र त्याने घेतली की मासोळीची झुंड जिथे दाट होती, त्या कोपऱ्यातच बुडवला. सगळ्यांच्या देखत तो पाणी प्याला. त्या दिवसापासून तो बारवेवरच राहिला, राखणदार म्हणून. डॉक्टर पुढचा आठवडाभर त्याच्याशी कामापुरतेच बोलत होते. पण वाडीने शब्द पाळला. लाह्या बंद झाल्या. मासोळी आता पायाच्या आवाजाला येईना. वैशाख संपता संपता डॉक्टरांना बाटलीत पिसू शोधावी लागू लागली. आधीच्या पाण्याचे, जे गुंडा त्या पहिल्या दिवसांत प्याला होता, काय झाले ते मात्र वर्षाने कळणार होते.

पावसाळ्यात तो घरी परतला. त्याची बायको साळूबाई टोपल्यांतून मासे कराडला नेऊन विके. तिने सारी हकीकत ऐकून घेतली.

"लोकांच्या विहिरीपायी सोताचा पाय पणाला लावून आलासा," ती म्हणाली. "मला इच्यारलंसा?"

"तिथं तू न्हवतीस."

"नारू निघाला तर मी बी हितं नसंन. भावाकडं जाईन."

ती कुठे जाणार नव्हती. पण वर्षभर रोज संध्याकाळी तो नदीतून आला की ती दिवा लावून आधी त्याचे पाय पाही. भोयाचे सारे काम पायावर. प्रवाहात मांडीपर्यंत उभे राहून जाळे ओढायचे, निसरड्या दगडावर तोल सांभाळायचा. वस्तीतली माणसे चेष्टा करत. बायको एवढी पाया पडते तो भाग्यवान, असे म्हणत. गुंडा त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसे. पण रात्री तो पोटऱ्या चाचपून पाही, हे साळूबाईला ठाऊक होते.

१९४५च्या वैशाखात त्याच्या डाव्या घोट्यावर फोड आला. पिवळसर, ताठ, आणि आग होणारा. दोघांनी तो एकदमच पाहिला. साळूबाईने भावाचे नाव काढले नाही.

"जावा," ती म्हणाली. "ती म्हातारी वळखील. तिनंच पाजलंय, तिलाच काढू द्या."

गुंडा रिकाम्या हाताने गेला नाही. नव्या मासोळीचे डेरे भरले, मोटारीत टांगले आणि विट्याहून कावड घेतली. कृष्णात त्याला वाडीबाहेर भेटला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिले. मातीत ओल्या थेंबांची रांग मागे लांबवर गेली होती.

"सांडलं," कृष्णात म्हणाला.

"सांडलं," गुंडा म्हणाला. चाल बिघडली होती. कृष्णातने कावड आपल्या खांद्यावर घेतली आणि वाडीपर्यंत अर्धे पाणी सांडून टाकले. गुंडाने तेवढ्यातही त्याला दोन शिव्या दिल्या.

डॉक्टर वाडीत होते. गेले पंधरा दिवस ते घरोघर फिरून माणसांचे पाय पाहत होते. गेल्या उन्हाळ्यात घराघरांत नारू होता. या खेपेला हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच निघाले होते आणि तेही उन्हाळ्याच्या सुरुवातीला. लाह्या बंद होण्याआधीच्या पाण्यातले, असे त्यांचे मत होते. आकडे त्यांना हवे तसे होते. ते तानुबाईला सांगून झाले होते. तिने ऐकून घेतले होते आणि विचारले होते, "भोयाचा पाय कसा हाय?"

आता तो पाय तिच्यापुढे होता. गुंडा देवळाच्या ओट्यावर बसला. दहा-बारा माणसांची गर्दी झाली, तेव्हा म्हातारीने सगळ्यांना उजेडाच्या बाजूने हटवले. फोड दाबला नाही. आजूबाजूची कातडी अंगठ्याने चाचपत वर पोटरीपर्यंत गेली. किडा असला तर तो दोरीसारखा हाताला लागतो.

"बारवेपासनं लांब न्या ह्येला," ती म्हणाली. "नारू असला तर ह्याचं पाणी तिकडं वघळाय नगं."

वर्षापूर्वी हे वाडीत कोणी बोलले नसते. डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले.

लिंबाखाली तिने फोड फोडला आणि गार पाण्याची घागर घोट्यावर संथपणे ओतली. नारू असेल तर गार पाणी लागताच जखमेतून दुधासारखे पांढरे पाणी सुटते. ते तिला माहीत होते आणि डॉक्टरांनाही. दोघे वाकून पाहत राहिले. गुंडा पायाकडे न पाहता रस्त्यावरच्या थेंबांच्या रांगेकडे पाहत होता, ती आता सुकत आली होती.

पांढरे काही आले नाही. म्हातारीने आणखी एक घागर मागवली. तरी नाही. मग तिने डोक्यावरच्या पदराखालून सुई काढली, जखमेत टोक घातले आणि झटक्यात काहीतरी उपसले. तळहातावर घेऊन डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी भिंगातून पाहिले आणि तो नग गुंडाच्या हातावर ठेवला.

तो काटा होता. शिंगटी माशाच्या कल्ल्याजवळचा, कडेला दाते असलेला, मोडलेला. पंधरवड्यापूर्वी जाळे ओढताना शिंगटी पायाला लागल्याचे गुंडाला तेव्हा आठवले.

"भोई असून माशाचा काटा वळखंना?" कृष्णात म्हणाला.

"वरीसभर नारूच बघतोय रं," गुंडा म्हणाला. "दुसरं काय दिसंना." आवाज पुन्हा चढला होता. रानातली माणसे वळून पाहू लागली.

"अजून पंधरा-वीस दिवस पाहावे लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि मी पुन्हा सांगतो, एका पायाने काही सिद्ध होत नाही. आकडे—"

"आकडं बी बरं हाईत म्हनलासा की," तानुबाई म्हणाली. "दोन्ही असू द्या." तिने सुई पुसून परत खोचली. घोट्याला हळद लावून चिंधी बांधली. मग बारवेकडे वळून तिने बायकांना बजावले की नव्या मासोळीलाही कोणी लाही दाखवायची नाही.

गुंडाला तहान लागली होती. त्याने कमरेचा तांब्या सोडला आणि लंगडत पायऱ्यांकडे निघाला. म्हातारीने त्याच्या हातातून तांब्या घेतला, कृष्णातकडून भरून आणवला आणि आपल्या पदराची दुहेरी घडी दुसऱ्या भांड्यावर धरून त्यातून पाणी ओतले. मग ते भांडे त्याच्यापुढे केले.

"आता काय, तानुआई? भरवसा न्हाई व्हय?"

"गाळून पी," ती म्हणाली. "एकदा झालं, लय झालं."